हँडल जड फिरतंय? आधी सोडवून बघा

जुन्या लेथचं हँडल जड फिरायला लागलं की बहुतेक शॉपमध्ये दोनपैकी एक गोष्ट होते. एकतर हँडलला पाईप लावून जोर देतात, नाहीतर गिबचे स्क्रू ढिले करून मोकळे होतात. दोन्ही महागात पडतं. पाईपचा सगळा जोर शेवटी गनमेटलच्या नटाच्या आट्यांवर जातो, आणि गिब ढिली राहिली की टूल थरथरतं, जॉबवर लाटा उमटतात. हँडल जड का झालं, हा प्रश्न मात्र तसाच राहतो.

माझा लेथ मी कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एका बंद होत आलेल्या शॉपमधून घेतला. क्रॉस स्लाइड चांगलीच घट्ट होती. विकणारे म्हणाले, "घट्ट आहे म्हणजे खेळ नाही, साहेब. मशीन टाइट आहे." जुन्या मशीनच्या बाजारात हे वाक्य कायम ऐकू येतं, आणि त्यावर विसंबून पैसे मोजू नयेत असं मी कळकळीनं सांगेन. झीज झाकायला गिब आवळून ठेवणं फार सोपं असतं. स्लाइड एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून बघा. मधल्या भागात, जिथं रोजचं काम होतं, तिथं ती बरी चालली आणि टोकाकडं जाम झाली, तर ती झीजच आहे. टोकांचं बीड झिजलेलंच नसतं. सॅडलचंही तेच. चकजवळचा बेड सगळ्यात जास्त झिजतो. तिथला खेळ काढायला आवळलं की सॅडल टेलस्टॉककडं अडकतं. मी भाव ठरवला तो हे बघूनच.

मशीन घरी आल्यावर आधी मेन स्विच बंद केला आणि साध्या गोष्टी पाहिल्या: सॅडलचा लॉक बोल्ट आवळलेला राहिलाय का, हाफ नट किंवा फीडचा लिव्हर अर्धवट अडकलाय का. अनेकदा दुखणं एवढंच असतं. मग हँडल सावकाश फिरवून हाताला काय लागतं ते पाहायचं. प्रत्येक फेऱ्यात एकाच जागी जड लागलं तर स्क्रू वाकलेला आहे किंवा त्याचं बुश सरळ रेषेत नाही. सगळीकडं सारखं जड असेल तर वाळलेलं तेल, घाण किंवा जास्त आवळलेली गिब.

यानंतरची पायरी मला सगळ्यात मोलाची वाटते. नट स्लाइडपासून सोडवा आणि स्लाइड नुसत्या हातानं ढकला. ती सहज सरकली तर दोष स्क्रू, नट किंवा हँडलमागच्या कॉलरमध्ये आहे, आणि गिबला हात लावायचं कारणच उरत नाही. माझी स्लाइड नटाशिवायही जागची हलेना.

गिब बाहेर काढली तेव्हा कारण दिसलं. तिच्या पाठीमागं बिडाचा भुगा आणि जुनं ग्रीस मिळून सुकलेल्या खळीसारखा काळा थर बसला होता. वरची तेलाची भोकं रंगानं बुजलेली. दसऱ्याच्या पूजेआधी मशीनला नवा रंग मारायची आपल्याकडं पद्धत आहे. रंग मारणाऱ्यानं निपलवरूनही ब्रश फिरवला होता. तेल आत जाईना म्हणून पुढं कुणीतरी ग्रीस भरलं. ग्रीस बर धरून ठेवतं आणि स्लाइडमध्ये तीच बर घासत राहते. दसऱ्याला रंग जरूर मारा, पण त्याआधी प्रत्येक निपलवर चिकटपट्टी लावा.

थर डिझेलमध्ये भिजवून सुती कापडानं काढला. इथं पॉलिश पेपर घेऊ नका. त्याचे कण बिडात रुततात आणि पुढं वर्षानुवर्षं स्लाइड खात राहतात. हवेचा पाईपही नको, बर वायपरखाली आत जाते. स्लाइडवर नख आडवं फिरवा. अडखळलं तिथं ठोकर लागून धातू वर आलेला असतो. तेवढाच उंचवटा बारीक ऑइलस्टोननं, दगड सपाट धरून उतरवायचा. खालचा खड्डा राहू द्या, त्याचा त्रास होत नाही.

परत बसवताना गिबचा एकेक स्क्रू स्लाइड किंचित ओढ धरेपर्यंत आवळायचा, मग केसभर मागं घ्यायचा. चेक नट आवळताना स्क्रू पान्ह्यानं धरून ठेवा, नाहीतर नटाबरोबर तोही फिरतो आणि सगळी सेटिंग जाते. स्लाइडला 68 नंबरचं स्लाइडवे तेल घाला. घरातलं गोडेतेल कधीच नको. ते वाळून वार्निशसारखं चिकटतं आणि पावसाळा संपेपर्यंत स्लाइड पुन्हा जाम होते.

चक जड फिरत असेल तर जॉ काढून स्क्रोलमधली बर साफ करा आणि जॉ नंबराप्रमाणंच परत घाला. टेलस्टॉकची क्विल अडकली तर तिच्या खाचेच्या कडा पाहा, तिथं बहुधा बर आलेली असते. हेडस्टॉकचा स्पिंडल मात्र जड वाटला तरी बेरिंगचा नट स्वतःहून सोडू नका. बेल्ट उतरवून हातानं फिरवा, तेलाची पातळी बघा, आणि तरीही जड असेल तर जाणत्या मिस्त्रीला बोलवा.

एवढं करूनही सॅडल चकजवळ ढिलं आणि टोकाला घट्ट असेल, तर बेड ग्राइंड करणं भाग आहे. पण बेडचा थर उतरला की सॅडल खाली बसतं, त्याच्याबरोबर एप्रनही उतरतं आणि लीड स्क्रू हाफ नटाच्या रेषेत राहत नाही. म्हणून ग्राइंडिंगवाल्याला दर विचारण्याआधी हे विचारा: सॅडलखाली लायनिंग लावून उंची परत आणून द्याल का?