उन्हाळ्याआधी कासवाचं घर

अमरावती, १० मार्च

चि. प्रणव यास,

तुझ्या आईचा फोन आला होता. मासे विकणाऱ्याकडून तू डोळ्यामागे लाल पट्टा असलेलं हिरवं पिल्लू आणलंस आणि काचेच्या भांड्यात घालून खिडकीत ठेवलंस, असं कळलं. ते भांडं आजच खिडकीतून हलव. अकोल्यातलं ऊन तुला मी सांगायला नको. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. एवढंसं पाणी काचेतून तापलं की कासवाला पळायला जागाच उरत नाही.

याला रेड-इअर्ड स्लायडर म्हणतात. मूळचं मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातलं. मादी असेल तर तिची पाठ २५ ते ३० सेंटिमीटरपर्यंत वाढते, नर जरा लहान राहतो. नीट सांभाळलं तर वीस-तीस वर्षं जगतं. तुझं शिक्षण होईल, नोकरी लागेल, संसार थाटशील, तरी ते असेल. म्हणून घर बांधायचं ते मोठ्या कासवाच्या मापानं. पाठीच्या दर इंचामागे साधारण ४० लिटर पाणी धरतात, म्हणजे पूर्ण वाढलेल्या मादीला निदान ४०० लिटर. एवढं वजन माडीवर काचेच्या टाकीत पेलण्यापेक्षा अंगणात सिमेंटचं टाकं बांधावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता मुख्य गोष्ट. सरपटणाऱ्या प्राण्याला आपल्यासारखी अंगची ऊब नसते. ऊब हवी की तो उन्हात येतो, पुरे झाली की सावलीत किंवा पाण्यात जातो. त्याचं पचन, वाढ, आजाराशी झुंजणं, सगळं या ये-जा करण्यावर चालतं. त्यामुळे घरात दोन हवामानं लागतात: बसायला कोरडा दगड, तिथे ३० ते ३५ अंश, आणि पाणी २४ ते २८ अंशांचं. तू वाचतोस ती पुस्तकं थंड देशांत लिहिलेली, त्यांत हीटर आणि दिवे यांचीच पानंच्या पानं. ती जानेवारीतल्या रात्रींपुरती कामाची. वऱ्हाडात मार्च ते जून प्रश्न उलटा असतो: सावली कुठून आणायची?

टाकं कडुनिंबाखाली किंवा घराच्या पूर्वेच्या भिंतीलगत घे, म्हणजे सकाळचं कोवळं ऊन मिळेल आणि दुपारचं अडेल. निम्म्याहून जास्त भागावर शेडनेट ताण. वरूडकडे शेंदुरजना घाटच्या रोपवाटिकांत संत्र्याची कलमं ज्या हिरव्या जाळीखाली वाढवतात, तीच. पाणी खोल ठेव, कारण खोल पाणी उशिरा तापतं. वीज गेली, पाणी फिरवणारा पंप बंद पडला तरी तेवढाच आधार. एका बाजूला चढायला खरबरीत उतार कर. वरून तारेची जाळी हवीच, नाहीतर कावळा, मांजर किंवा मुंगूस पिल्लू उचलेल. नव्या सिमेंटमधून चुना सुटतो, तेव्हा दोन-तीन आठवडे पाणी भरून ओतत राहा आणि मगच कासव सोड.

पाणी कुठलं भरणार? तुमच्या काकांच्या शेतातली बोअर खारपाणपट्ट्यातली. पूर्णेच्या खोऱ्यातलं ते पाणी उन्हात आटतं, क्षार मागे राहतात, आणि वरून भर घालत गेलास की ते वाढतच जातात. नळाचंच पाणी घे. तुमच्याकडे नळ रोज येत नाही, म्हणून ड्रम भरून ठेव आणि एक दिवस उघडं राहू दे, म्हणजे क्लोरीन उडेल. कासव पाण्यातच खातं आणि पाण्यातच घाण करतं. खायला वेगळ्या टबात घातलंस तर टाकं बरेच दिवस स्वच्छ राहील.

टाकं होईपर्यंत घरात ठेवणार असशील तर एक लक्षात असू दे: काचेतून आलेल्या उन्हाचा हाडांना उपयोग नाही. कवच कठीण व्हायला जे अतिनील किरण लागतात ते काच अडवते. सकाळी थोडा वेळ त्याला गच्चीवर टबात ठेव, अर्धा टब झाकून, आणि तू तिथेच बस. मऊ पडलेलं कवच आणि सुजलेले डोळे ही कोंडलेल्या पिल्लांची नेहमीची दुखणी आहेत.

छोट्या सईला ते तोंडाजवळ नेऊ देऊ नकोस. कासवांच्या अंगावर साल्मोनेला जंतू असतात. मुलं आजारी पडतात म्हणून अमेरिकेनं १९७५ सालीच चार इंचांहून लहान कासवं विकायला बंदी घातली. हात साबणानं धुवा, भांडी घासतो तिथे टब धुवू नका.

तुझा मित्र शेतात सापडलेलं कासव द्यायला निघालाय म्हणे. घेऊ नकोस. आपल्याकडची रानातली कासवं, घोरपड, साप यांना १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. ती पाळणं गुन्हा आहे. जिथे सापडलं तिथेच राहू दे, जखमी असेल तर वनखात्याला कळवा.

आणि हे कासव नकोसं झालं तरी तिथल्या मोर्णा नदीत किंवा इथल्या वडाळी तलावात सोडायचं नाही, पुण्य म्हणूनसुद्धा नाही. जगातल्या शंभर सर्वांत घातक आक्रमक जातींच्या यादीत याचं नाव आहे. केरळात ही कासवं पाण्यात सापडू लागली तेव्हा तिथल्या वन संशोधन संस्थेला लोकांकडून ती गोळा करावी लागली. सांभाळणं जमणार नसेल तर आधी मला सांग. आमच्या परसात जागा आहे.

अंगणाची लांबी-रुंदी मोजून कळव, दुपारी दोन वाजता सावली कुठे पडते तेही. मी पुढच्या आठवड्यात वरूडला जाणार आहे, शेडनेट तिथूनच आणतो.

तुझा
मामा