लहान जठर आणि पंगतीतला आग्रह

लठ्ठपणावरील ‘स्लीव्ह’ शस्त्रक्रियेत जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग काढून टाकतात. उरलेल्या नळीत जेमतेम वाटीभर अन्न मावते. आरंभी केवळ ताक, डाळीचे पाणी असे पातळ पदार्थ. पुढे मऊ अन्न. चावून खाण्याची पाळी त्यानंतर येते. घास सावकाश चावावा लागतो. आधी डाळ, अंडे, पनीर; भात-पोळी नंतर. जेवताना पाणी वर्ज्य. ते अर्ध्या तासाने घोटघोट प्यावे. जीवनसत्त्वांच्या गोळ्या जन्मभर. हे पथ्य एक वेळ सांभाळता येते. अवघड असते ती पंगत! यजमान जिलबी घेऊन उभा राहतो, ‘एवढीशीच’ म्हणतो आणि पानावर आडवा धरलेला हात त्याला अपमान वाटतो. त्या गोडाने पाहुण्याला मळमळ, घाम आणि धडधड सुरू होऊ शकते, हे त्याच्या गावीही नसते.