विमानप्रवासाचे अंतर व वेळ : धागा, पृथ्वीगोल आणि दोन घड्याळे

मुंबईहून दुपारी 2 वाजता निघालेले विमान त्याच दिवशी सायंकाळी 6 वाजता लंडनला उतरले, तर प्रवासास किती वेळ लागला? धरणगावी वर्गात हे उदाहरण घातले, तेव्हा ‘चार तास’ असे उत्तर आले व मीही ते क्षणभर बरोबर धरले. इतक्यात एका मुलाने परतीचे विचारले. लंडनहून रात्री 9 वाजता निघालेले विमान दुसऱ्या दिवशी सकाळी 11.30 वाजता मुंबईस पोहोचते. हे साडेचौदा तास झाले. वाट तीच असता येताना एवढा उशीर का? (या वेळा हिवाळ्यातील असून हिशेबासाठी कल्पिलेल्या आहेत.) वजाबाकी दोन्हीकडे बिनचूक होती. दोन्ही गावांचे घड्याळ एकच मानले, ही चूक होती, आणि ती माझीही होती.

येथे व्याख्या सांगण्याची घाई करू नये. मुलांस पटांगणात न्यावे, काठी उभी रोवावी व सावली सर्वांत आखूड केव्हा होते ते पाहू द्यावे. घड्याळात बारा वाजतात तेव्हा धरणगावचा मध्यान्ह अजून व्हावयाचा असतो. भारताचे घड्याळ साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखावृत्तावर लावलेले आहे. धरणगाव सुमारे सव्वापंच्याहत्तर अंशांवर आहे. अंतर सव्वासात अंशांचे, अंशास चार मिनिटे, म्हणून मध्यान्ह सुमारे 29 मिनिटे उशिरा होतो. वर्षभरात यात पाव तासापर्यंत मागेपुढे होते; तेव्हा कोणाची सावली साडेबारास आखूड झाली नाही म्हणून त्यास खोटे पाडू नये.

हे डोळ्यांनी पाहिल्यावर लंडनचे कोडे अवघड राहत नाही. तेथील घड्याळ शून्य अंशाचे. साडेब्याऐंशी गुणिले चार म्हणजे 330 मिनिटे, अर्थात साडेपाच तास मागे. (उन्हाळ्यात ते लोक घड्याळ एक तास पुढे करतात, तेव्हा फरक साडेचार तासांचा.) मुंबईतील दुपारचे 2 म्हणजे लंडनचे सकाळचे 8.30. तेथून सायंकाळी 6 पर्यंत साडेनऊ तास होतात. परतीस याच रीतीने नऊ तास येतात. उरलेला अर्धा तास का, हे मुले विचारतीलच. उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वारे वाहतात; ते येताना साह्य करतात, जाताना अडवितात.

अंतर मोजताना नकाशावर पट्टी ठेवण्याची सवय मुलांपेक्षा आम्हा शिक्षकांसच अधिक. सपाट नकाशावरील मुंबई-लंडन सरळ रेषा इराणच्या आखाताच्या टोकाजवळून जाते. पृथ्वीगोलावर धागा ताणून धरला की तो उत्तरेकडे सरकतो व इराण, कास्पियन समुद्राचा नैर्ऋत्य भाग, काळ्या समुद्राचा ईशान्य किनारा असा जातो. हीच जवळची वाट होय. 30 सेंटिमीटर व्यासाच्या गोलाचा घेर सुमारे 94 सेंटिमीटर असतो आणि पृथ्वीचा सुमारे 40,000 किलोमीटर. म्हणून एका सेंटिमीटरास साधारण 425 किलोमीटर पडतात. धागा 17 सेंटिमीटर भरतो, म्हणजे सुमारे 7,200 किलोमीटर. साडेनऊ तासांनी भागता सरासरी वेग ताशी 760 च्या आसपास येतो. प्रत्यक्ष मार्ग धाग्याइतका सरळ नसतो, त्यामुळे विमानाचा खरा वेग याहून अधिक असतो.

एअर इंडिया इंटरनॅशनलचे मुंबई-लंडन मार्गावरील पहिले विमान, ‘मलबार प्रिन्सेस’, 8 जून 1948 रोजी निघाले. ते कैरो व जिनिव्हा येथे थांबत गेले. धागा या दोन्ही शहरांवरून नेऊन पुन्हा मोजावा. सुमारे 7,900 किलोमीटर येतात.