ऊन माझं, ऊन दुसऱ्याचं : गीता ९.१९ वाचताना



आजचा श्लोक : भगवद्गीता, अध्याय ९, श्लोक १९.
सोबत उघडून ठेवा : १०.३५, २.१४ आणि ६.३२.

आजच्या श्लोकात भगवंत चक्क हवामानाबद्दल बोलतात. सूर्य होऊन तापवतो तो मी, पाऊस अडवून धरतो तो मी, आणि सोडतो तोही मीच, असं ते अर्जुनाला सांगतात. लगेच पुढे अमृत आणि मृत्यू ही जोडीही स्वतःकडेच घेतात. श्लोक छोटा आहे, पण पचायला सोपा नाही. पाऊस देवाने दिला, हे आपण आनंदाने म्हणतो. पाऊस देवाने अडवला, हे म्हणताना मात्र जीभ अडखळते.

देवाचा आवडता ऋतू?

"तुझा आवडता ऋतू कोणता?" हा प्रश्न शाळेतल्या निबंधापासून आपल्या मागे लागलाय. इथे लोणी काळभोरमध्ये विचारलंत तर बरेच जण हिवाळा म्हणतील. सकाळी मुळा-मुठेवर धुकं, कवडीपाटाला नदीत उतरलेली पाहुणी बदकं, उसाची तोडणी, दौंडच्या बाजूला पेटलेली गुऱ्हाळं. उन्हाळा कुणी म्हणणार नाही. सोलापूर हायवेवर एप्रिलमध्ये दुपारी दोन वाजता बसची वाट पाहत उभं राहिलेल्या माणसाला कारण विचारायची गरज नाही.

मग देवाला कोणता आवडतो? दहाव्या अध्यायात (१०.३५) भगवंत म्हणतात की महिन्यांमध्ये मी मार्गशीर्ष आणि ऋतूंमध्ये फुलांचा वसंत. वाचून वाटतं, झालं, देवाचाही एक फेव्हरेट आहे! पण दहाव्या अध्यायाला विभूतियोग म्हणतात. अर्जुनाने विचारलेलं असतं की तुझं चिंतन कुठे कुठे करू? उत्तरात भगवंत अशा जागा सांगतात जिथे त्यांची झलक पटकन दिसते. स्थावरांत हिमालय, जलाशयांत समुद्र, तसा ऋतूंत वसंत. नवशिक्याला सोपं जावं म्हणून दिलेला हा पहिला धडा आहे. फुललेल्या पळसात देव दिसायला फार साधना लागत नाही.

९.१९ हा त्याच्या पुढचा धडा. इथे देव उन्हात शोधायचा आहे, न आलेल्या पावसातही शोधायचा आहे.

श्लोकात तापणं आणि बरसणं एकाच वाक्यात का आलं, हेही बघा. मार्च ते मे जमीन तापते, तिच्यावरची हवा हलकी होऊन वर जाते, दाब कमी होतो आणि समुद्रावरचे ओले वारे आत खेचले जातात. मे तापला नाही तर जून बरसायचा कसा? भागवताच्या दशम स्कंधात, विसाव्या अध्यायात, वर्षा आणि शरद ऋतूंचं सुंदर वर्णन आहे. तिथे सूर्याला राजाची उपमा दिली आहे : आठ महिने पृथ्वीकडून पाण्याचा कर गोळा करतो आणि वेळ आली की तिलाच परत देतो. ज्या उन्हाला आपण शिव्या घालतो, त्याच्यातच आपला पाऊस साठत असतो.

तिथी ठरलेली, हवामान नाही

आपल्या भागाला पाऊस मोजून मिळतो. सह्याद्रीच्या माथ्यावर लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तेच ढग पुणे शहरात येईपर्यंत सातशेच्या आसपास उरतो आणि पूर्वेला दौंडकडे सरकलात की आणखी कमी. लोणी या उतरणीवरच आहे. आभाळ भरून येतं, वारा सुटतो आणि ढग नुसतेच पुढे निघून जातात, हे इथल्या माणसाला नवीन नाही. शेतं हिरवी दिसतात ती बरीचशी खडकवासल्याहून येणाऱ्या कालव्यामुळे.

आणि याच गावात दरवर्षी तुकोबांच्या पालखीचा मुक्काम असतो. हडपसरला दोन वाटा होतात. माउलींची पालखी दिवे घाटातून सासवडला जाते आणि तुकोबांची आपल्याकडे लोणीला येते. देहूहून प्रस्थान ज्येष्ठ वद्य सप्तमीला, ही तिथी ठरलेली. त्या दिवशी हवामान काय असेल हे मात्र कधीच ठरलेलं नसतं.

अलीकडचीच वर्षं घ्या. २०२३ मध्ये प्रस्थान १० जूनला झालं, पण पुण्यात मान्सून पोचला २५ जूनच्या सुमारास. पालखी लोणीत आली तेव्हा वर ऊन आणि खाली तापलेला डांबरी रस्ता. २०२५ मध्ये उलटं झालं. मान्सून २६ मेलाच पुण्यात दाखल झाला आणि प्रस्थान होतं १८ जूनला. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ महिना आल्याने आषाढी एकादशीच २५ जुलैला. चांद्र वर्ष सौर वर्षापेक्षा साधारण ११ दिवसांनी लहान असतं. ते भरून काढायला अधिक महिना घालतात, म्हणून वारी कधी जूनच्या झळांत चालते तर कधी जुलैच्या चिखलात.

यासाठी कुणी तिथी पुढे ढकलत नाही. आपलं कसं असतं? पाऊस आहे, आज मंदिर राहू दे. फार उकडतंय, जप रात्री करू. थंडी आहे, पहाटेचा हरिपाठ नऊ वाजता. आपली साधना वेदर ॲप बघून चालते. वारकऱ्याची तिथी बघून चालते.

सोसणं म्हणजे नेमकं काय

इथे २.१४ बघू. थंडी-ऊन, सुख-दुःख हे इंद्रियांचा विषयांशी संबंध आला की जाणवतात, येतात आणि जातात, टिकत नाहीत, म्हणून ते सहन कर, असं भगवंत सांगतात. या सहन करण्याला शब्द आहे तितिक्षा. शम, दम, उपरति, तितिक्षा, श्रद्धा, समाधान अशा साधकाच्या सहा संपत्ती सांगतात, त्यातली ही एक.

तितिक्षा हा शब्द 'तिज्' धातूवरून आलाय. तेज आणि तीक्ष्ण हे शब्दही त्याच धातूचे, आणि त्याच्या मुळाशी धारदार होण्याचा अर्थ आहे. म्हणजे सोसून सोसून माणूस बोथट होत असेल तर ती तितिक्षा नव्हे. खरं सोसणं माणसाला धार लावतं.

तितिक्षा म्हणजे अंगाला त्रास करून घेणंही नाही. वारकरी बघा ना. ऊन असेल तर डोक्याला उपरणं, पाऊस आला तर प्लास्टिकचा कागद. तहान लागली की पाणी पितो, पायाला फोड आले तर मलम लावून घेतो. उपाय सगळे करतो. फक्त कुरकुर करत नाही आणि चालणं थांबवत नाही. इतकं साधं आहे ते.

पण दुष्काळाचं काय?

आता खरा अवघड प्रश्न. पाऊस अडवणारा मीच, असं देव म्हणतो. मग ज्याचं शेत जळलं त्याला काय सांगायचं? १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रातली लाखो माणसं खडी फोडायला रस्त्यावर आली. त्यांना २.१४ वाचून दाखवायचा का?

याचं उत्तर मला आपल्या गावात मुक्कामाला येणाऱ्या तुकोबांच्याच चरित्रात सापडतं. १६३० च्या सुमारास दख्खनमध्ये भयंकर दुष्काळ पडला. तुकोबा तेव्हा विशीत होते, म्हणजे हे वाचणाऱ्या तुमच्यापैकी अनेकांच्या वयाचे. परंपरा सांगते की त्या दुष्काळात त्यांची पहिली पत्नी अन्नाविना गेली, मुलगा गेला, व्यापार बुडाला. घरात वडिलोपार्जित सावकारी होती, लोकांनी लिहून दिलेली कर्जखतं होती. ती वसूल केली असती तर घर सावरलं असतं. तुकोबांनी धाकट्या भावाचा अर्धा वाटा त्याला दिला आणि स्वतःच्या वाट्याची सगळी कर्जखतं इंद्रायणीत बुडवली.

नीट बघा त्यांनी काय केलं. स्वतःवर आलेलं दुःख सोसलं, विठ्ठलाला सोडलं नाही. कर्जदारांना मात्र, "बाबांनो, सहन करा, हे सगळं अनित्य आहे," असं सांगितलं नाही. त्यांच्या डोक्यावरचा भार उतरवला.

गीतेतही हे दोन्ही धडे आहेत. २.१४ मध्ये 'तितिक्षस्व' हे एकवचन आहे : तू सहन कर. हा आदेश ज्याने त्याने स्वतःसाठी घ्यायचा आहे. दुसऱ्यासाठी आहे ६.३२. तिथे भगवंत सांगतात की जो दुसऱ्याचं सुख-दुःख आपल्यासारखंच बघतो, तो श्रेष्ठ योगी. दोन श्लोकांची अदलाबदल केली की भक्ती बिघडते. स्वतःच्या उन्हाबद्दल तक्रार आणि दुसऱ्याच्या उन्हाबद्दल तत्त्वज्ञान, हे फार सोपं असतं. एसीमध्ये बसून डिलिव्हरीवाल्याला "दहा मिनिटं उशीर का?" विचारणं सोपं असतं.

पालखी लोणीत येते त्या दिवशी हे दोन्ही श्लोक रस्त्यावर दिसतात. चालणारा आपलं ऊन सोसत असतो आणि गावकरी त्याचं ऊन कमी करायला धावत असतात. कुणी पाणी देतं, कुणी पिठलं-भाकरी, कुणी पाय चेपून देतं. वारकरी सावली मागत नाही. गाव ती दिल्याशिवाय राहत नाही.

मग ९.१९ मधला देव कुठे आहे? माझ्या अल्पमतीला एवढंच कळतं की ऊन त्याचं आहे, आणि उन्हातल्या माणसापर्यंत पाण्याचा तांब्या घेऊन जाणाऱ्या हातातही तोच आहे. अडवलेला पाऊस आपल्यापुढे ठेवून तो बहुतेक हेच बघतो की आपले हात कुठे जातात.

आजचा अभ्यास

१. आज दिवसभर हवामानाबद्दल एकही तक्रार करायची नाही. "काय उकडतंय!" ओठांवर आलं की त्या जागी एकदा नाम घ्या. दिवसाअखेर मोजा, किती वेळा घेतलं.

२. नित्यनेमाची वेळ हवामान बघून बदलायची नाही. जी ठरली ती ठरली. छत्री घ्या, टोपी घ्या, पण निघा.

३. आपल्यापेक्षा जास्त उन्हा-पावसात काम करणाऱ्या एका माणसासाठी काहीतरी करा. दाराशी आलेल्याला पाणी विचारा, वॉचमनकाकांना पावसाळ्यात गरम चहा द्या, सोसायटीच्या गेटवर माठ भरून ठेवा. उपदेश अजिबात करू नका.

आवडता ऋतू असायला काहीच हरकत नाही. मलाही मार्गशीर्षातल्या सकाळी आवडतात, आणि त्यात तर खुद्द भगवंतांची साक्ष आहे! फक्त नावडत्या ऋतूतही आपला नेम चालू राहावा आणि शेजारच्याचा घसा कोरडा राहू नये, एवढी कृपा विठुरायाने करावी.

उद्या ६.३२ सविस्तर बघू.

राम कृष्ण हरी!