मल्हाररावांचं चिलखत

पोरी, अहिल्योत्सवाच्या पालखीबरोबर तुमच्या मंडळाचे मल्हारराव घोड्यावरून निघणार आणि त्यांचं चिलखत तू करणार, हे ऐकून जीव सुखावला. आता सियागंजात सामान आणायला जाण्याआधी माझं थोडं ऐक.

मोबाईलवर सापडलेले नमुने आधी बाजूला ठेव. छातीवर पिळदार स्नायू कोरलेलं ते कवच रोमन सेनानीचं. आपले मल्हारराव 1693 ते 1766 मधले. त्या काळच्या सरदारांच्या अंगावर कड्यांचं बख्तर असे आणि त्यावर चार पत्रे पट्ट्यांनी बांधलेले असत: एक छातीवर, एक पाठीवर, दोन बगलेखाली. याला चार-आईना म्हणतात. बगलेखालच्या पत्र्यांना वरून अर्धगोल काप असतो, त्यामुळे तलवारीचा हात मोकळा फिरतो. फोममध्ये करायला याच्याइतकं सोयीचं चिलखत दुसरं नाही. पत्रे जवळजवळ सपाट असतात, अवघड जोड नसतात, आणि इंदूरच्या रस्त्यावर ते शोभतंही.

फोमला हात लावण्याआधी खोक्याच्या पुठ्ठ्याचे चार पत्रे काप. कागद मधोमध दुमडून अर्धाच आकार काढ, म्हणजे दोन्ही बाजू सारख्या येतील. ते नाडीनं मल्हारराव होणाऱ्या मुलाच्या अंगावर बांध आणि त्याला खुर्चीवर उलटा, घोड्यावर बसल्यासारखा बसव. पालखीपुढे वाकून नमस्कार करायला सांग. छातीचा पत्रा बेंबीच्या वर संपायला हवा. खाली आला तर बसल्याबरोबर तो हनुवटीला टेकतो आणि मुलगा अख्खी मिरवणूक मान वर करून काढतो. जे काही कमी-जास्त करायचं, ते पुठ्ठ्यावरच कर.

फोम ईव्हीएचा घे, चपलांच्या तळव्याला असतो तो. छाती-पाठीला 10 मिलिमीटर, बगला आणि हातावरच्या दस्तान्यांना 5, काठाच्या नक्षीला 2. कटरचं पातं सरळ धर आणि एका लांब ओढीत काप. कड फाटल्यासारखी दिसू लागली की पातं बोथट झालं समज, लगेच पुढचं टोक मोड. मग गॅलरीत, तोंडाला मास्क लावून, हीटगननं दोन्ही बाजू शेक. गन एका जागी थांबवू नकोस. वर हलकी तकाकी आली की छिद्रं मिटली. गरम आहे तोवर मांडीवर बाक दे आणि गार होईपर्यंत तसाच दाबून धर.

आता चिकटवायचं सोल्युशन. घाई नेमकी इथेच नडते. दोन्ही भागांना पातळ हात द्यायचा आणि थांबायचं. बोट लावलं तर चिकट वाटावं, पण बोटाला काही लागू नये. एरवी याला 10-15 मिनिटं लागतात. श्रावणाच्या दमट हवेत जास्त थांब, पंखा लाव. हे वाळल्यावरच धरतं आणि एकदा टेकलं की सरकत नाही. म्हणून जोडाच्या आरपार पेनानं आडव्या खुणा आधीच करून ठेव आणि खुणेला खूण लावत मधून कडेकडे दाबत जा.

थर्माकोलची नक्षी मात्र लावू नकोस. सोल्युशन आणि स्प्रे, दोन्ही तिला खातात. खिळ्यांच्या डोक्यांसाठी अर्धे मोती पुरतात.

रंगाआधी फेविकॉलमध्ये निम्मं पाणी घालून तीन-चार पातळ हात दे, नाहीतर फोम रंग पीत राहतो. भिंतीची पुट्टी लावायला कोणी सांगेल, ऐकू नकोस. पत्रा वाकला की तिला भेगा पडतात. सगळीकडे आधी काळा रंग. मग ब्रश चांदी रंगात बुडवून फडक्यावर जवळजवळ कोरडा होईपर्यंत पुस आणि उंचवट्यांवरून हलकेच फिरव. खोलगट जागा काळ्याच राहू देत. लोखंडाचं वजन त्या काळ्यामुळे दिसतं, चांदीमुळे नाही.

कड्यांचं बख्तर विकत आणू नकोस. जाड सुती दोरा मोठ्या सुयांवर सैल विण, काळा रंगव, वरून स्पंजनं चांदी टेकव. रंगमंचावरची ही जुनी युक्ती आहे आणि पाच पावलांवरून कोणाला कळत नाही.

पट्टे नुसते फोमवर चिकटवू नकोस. फोमला चीर पाडून पट्टा आत घे आणि मागे कॅनव्हासच्या रुंद तुकड्यावर शिव. आतून सुती बंडी हवीच, फोमखाली घाम कोंडतो. तयार चिलखत उन्हात बंद गाडीत ठेवू नकोस, जोड सुटतात.

मिरवणुकीच्या दिवशी पिशवीत सोल्युशनची ट्यूब, काळी चिकटपट्टी, सेफ्टी पिना आणि जास्तीची नाडी असू दे. आणि मुलगा घोड्यावर नीट बसल्यावरच बगलेचे पट्टे आवळ.