टिंबे हाताने मारू नका!

१९९७ सालची गोष्ट. एका खानावळीचे मेनूकार्ड आमच्याकडे जुळणीला आले होते. डावीकडे पदार्थाचे नाव, उजवीकडे दर आणि मध्ये टिंबांची रांग, एवढेच काम. आम्ही पदार्थाचे नाव टाइप करायचो, मग पूर्णविरामाची कळ दाबून धरायचो आणि दर जागेवर येईल असे वाटले की बोट उचलायचो. थोडे कमी पडले तर स्पेसबार होताच. पडद्यावर कार्ड झकास दिसत होते. मालकांनी प्रूफ पाहिले आणि म्हणाले, "अक्षर जरा मोठे करा, वयस्कर माणसे येतात." आम्ही सगळा मजकूर निवडला, १२ पॉइंटचा १४ केला आणि पुन्हा प्रूफ न काढता काम प्लेटला पाठवून दिले.

छापून आले तेव्हा आठ-दहा पदार्थांचे दर टिंबांसकट खालच्या ओळीत, डाव्या कडेला जाऊन बसले होते. ओळी वाढल्यामुळे शेवटचे तीन पदार्थ चौकटीबाहेर ढकलले गेले आणि कार्डावरून गायबच झाले. ५०० कार्डे रद्दीत गेली. कागद आणि छपाई आमच्या खिशातून. मालक भले होते, परंतु पुढचे काम त्यांनी दुसरीकडे दिले आणि त्याबद्दल आम्हांला त्यांना दोष देता येत नाही.

आजही डी.टी.पी. शिकून बाहेर पडलेल्या तरुणांच्या फाइली आमच्याकडे दुरुस्तीला येतात, तेव्हा दहांतील निम्म्या तरी याच पद्धतीच्या असतात. म्हणून हा धडा.

ज्या टिंबांनी नजर नावाकडून दराकडे नेली जाते, त्यांना छपाईच्या भाषेत लीडर म्हणतात. शिशाच्या खिळ्यांच्या काळात लीडरचे खिळे वेगळे ओतलेले मिळत आणि जुळारी ते मोजून लावी. संगणकात ही मोजणी टॅब करतो. स्पेस आणि टिंब यांची रुंदी अक्षराच्या आकाराबरोबर बदलते. टॅबचे तसे नाही. टॅब म्हणजे ‘डाव्या कडेपासून अमुक अंतरावर जा’ असा हुकूम. अक्षर १२ चे १४ करा, फाँट बदला, दर ७० चा १२० करा, तो ठिकाण सोडत नाही. मधली जागा किती टिंबांनी भरायची ते सॉफ्टवेअर पाहते.

पेजमेकरमध्ये ही सोय टाइप मेनूतील इंडेंट्स/टॅब्ज या ठिकाणी होती. २००१ ची ७.० ही पेजमेकरची शेवटची मोठी आवृत्ती, म्हणून आता इनडिझाइनवरच बोलू. समजा मजकुराची चौकट ९५ मिलिमीटर रुंद आहे. प्रत्येक ओळीत नाव, मग टॅबची कळ फक्त एकदा, मग दर, असे टाइप करा. पडद्यावर हे सुरुवातीला वेडेवाकडे दिसेल. दिसू द्या. नंतर सगळ्या ओळी निवडून कंट्रोल, शिफ्ट आणि टी या कळा एकत्र दाबा. चौकटीच्या डोक्यावर पट्टी येईल. तिच्यावर टॅबचे चार प्रकार आहेत: डावा, मधला, उजवा आणि दशांशाचा. दरासाठी उजवा घ्या, म्हणजे ९ आणि १२० यांचे एकम एकाखाली एक येतील. अंतराच्या खान्यात ९५ लिहा, लीडरच्या खान्यात टिंब टाका आणि एंटर दाबा. झाले. टिंबे दाट वाटत असतील तर लीडरच्या खान्यात टिंब आणि एक स्पेस द्या. आमच्या मते देवनागरी मजकुराला विरळ टिंबेच शोभतात.

आता मराठीची खास अडचण. ती इंग्रजी पुस्तकांत सापडणार नाही. जुन्या, युनिकोडपूर्व फाँटमध्ये कळ एक आणि अक्षर भलतेच असते. कृतीदेव ०१० मध्ये पूर्णविरामाच्या कळेवर अर्धा ‘ण’ बसवला आहे आणि टिंब हायफनच्या कळेवर. म्हणजे लीडरच्या खान्यात भाबडेपणाने टिंब टाकले की मटण बिर्याणी आणि दर यांच्यामध्ये अर्ध्या ‘ण’ची माळ तयार होते! लीडरला फाँट मिळतो तो ओळीतल्या टॅबच्या चिन्हाचा. तेव्हा एकतर लीडरच्या खान्यात हायफन द्या, किंवा फक्त टॅबचे चिन्ह निवडून त्याला इंग्रजी फाँट लावा. दुसरा मार्ग आम्हांला अधिक पसंत आहे, कारण त्यात टिंबाचा आकारही ताब्यात राहतो. दशांशाचा टॅबही अशा फाँटमध्ये फसतो, कारण त्याला जे टिंब हवे ते तिथे टिंब नसतेच. सगळे दर .०० ने संपत असतील तर उजवा टॅब पुरे.

याच नियमाचा दुसरा परिणाम: दर ठळक करताना टॅबही निवडला गेला तर टिंबे जाडजूड होतात आणि सारे कार्ड काळवंडते. टाइप मेनूतून लपलेली चिन्हे दाखवायला सांगितली की टॅब दुहेरी बाणासारखा दिसतो. काम करताना ती चिन्हे चालू ठेवा.

हाफ आणि फुल असे दोन दर असतील तर दोन टॅब: पहिला ७५ वर लीडरसह, दुसरा ९५ वर लीडरशिवाय. ज्या पदार्थाला हाफ नाही तिथे रकाना रिकामा सोडू नका, आडवी रेघ द्या. नाहीतर टिंबे कुठेच न पोहोचता अधांतरी संपतात आणि गिऱ्हाईक वेटरला विचारत बसते. पदार्थाचे नाव फार लांब असेल तर शिफ्ट-एंटरने ओळ तोडा. हे सगळे एकदा जमले की पॅराग्राफ स्टाइल म्हणून साठवा. पुढच्या वर्षी दर वाढतात तेव्हा तेच कार्ड दहा मिनिटांत होते, आणि पैसे मात्र पूर्ण कार्डाचे मिळतात.

उर्दूतही यादी हवी असेल तर परिच्छेदाची दिशा उजवीकडून डावीकडे करा. मग अंतर उजव्या कडेपासून मोजले जाते, नाव उजवीकडे राहते आणि दर डावीकडे जातो. मराठी कार्डाची स्टाइल तिथे जशीच्या तशी चिकटवू नका, वेगळी बनवा.

हाताने टिंबे मारलेली जुनी फाइल आली तर आधी तिची प्रत काढून ठेवा. मग शोधा-आणि-बदला वापरून चार टिंबांच्या जागी टॅब घाला. टॅबचे चिन्ह तिथे ^ आणि इंग्रजी लहान टी असे लिहितात. त्यानंतर दोन टॅबच्या जागी एक, हे ‘सापडले नाही’ असे उत्तर येईपर्यंत. दोन दरांच्या यादीत मात्र हा दुसरा टप्पा जपून करा. शेवटी काही सुटी टिंबे टॅबला चिकटून उरतात. ती एका फटक्यात उडवण्याचा मोह होतो, पण ‘१ कि.’ आणि ‘५०० ग्रॅ.’ यांची टिंबेही त्याबरोबर उडतात. ती डोळ्यांनीच पाहून काढावी लागतात.

गिऱ्हाइकाकडूनच यादी एक्सेलमध्ये मागवली तर निम्मा त्रास वाचतो. एक्सेलमधून नक्कल करून साधा मजकूर म्हणून चिकटवलेल्या रकान्यांमध्ये टॅब आपोआप येतो. आमचे दोन किराणावाले आता दर महिन्याला तशीच यादी मोबाइलवर पाठवतात. प्रूफवर सही मात्र आम्ही अक्षराचा आकार बदलल्यावर पुन्हा घेतो.