जाळीबाहेर उभी असलेली माणसं

वाघोली,
रविवार

चि. सोनू यास,


समोर बसून बोललं की तू 'हो मामा' म्हणतोस आणि विषय तिथेच संपतो, म्हणून लिहितो आहे. ताई परवा सांगत होती, मॅचच्या सकाळी तुझ्या पोटात काही ठरत नाही. डॉक्टरांनी तपासलं, काही निघालं नाही. मला आश्चर्य वाटलं नाही. केसनंद रस्त्यावरच्या जाळीत मी तुला खेळताना बघतो आहे. पप्पा मोबाइल धरून बाहेर उभे असले की प्रत्येक चेंडूनंतर तुझी मान आधी त्यांच्याकडे वळते, चेंडू कुठे गेला ते तू नंतर बघतोस. एखादा फटका हुकला की खालचा हात दांडा असा आवळतो की नखं पांढरी पडतात, आणि पुढचा ड्राइव्ह हवेत जातो. तुझ्या तंत्रात खोट नाही. तू त्या वेळी चेंडूशी खेळतच नसतोस, जाळीबाहेरच्या माणसांशी खेळत असतोस.

तुझ्या त्या द्विशतकानंतर फाट्यावर फ्लेक्स लागला. मधोमध तू, भोवती नेतेमंडळी, वर 'वाघोलीचा ऋतुराज'. गावाचं कौतुक खोटं नाही. २०२१मध्ये आपण महापालिकेत गेलो, चहूकडे टॉवर उठले, तरी 'आपला पोरगा' म्हणून मिरवायची हौस अजून गावकीचीच आहे. पण जुन्या सांगवीच्या त्या खऱ्या ऋतुराजने रणजीत पाऊल ठेवलं २०१६मध्ये आणि चेन्नईचं कर्णधारपद त्याच्याकडे आलं २०२४मध्ये. मधल्या वर्षांचा फ्लेक्स कुणी लावत नाही, आणि तुझ्यापुढे आत्ता तीच वर्षं आहेत. तो फ्लेक्स उतरवायला मी मंडळाच्या पोरांना सांगितलं आहे. राग आला तर माझ्यावर काढ.

कल्याणच्या प्रणव धनावडेचं नाव तुला ठाऊक आहे. जानेवारी २०१६, भंडारी करंडकाची शालेय मॅच, ३२७ चेंडूंत नाबाद १००९. १२९ चौकार, ५९ षटकार. १८९९पासून टिकलेला कॉलिन्सचा नाबाद ६२८चा विक्रम त्याने मागे टाकला. वडील रिक्षा चालवायचे. पंधरा वर्षांच्या पोरापुढे जगभरचे कॅमेरे येऊन उभे राहिले. मुंबई क्रिकेट संघटनेने महिना दहा हजारांची शिष्यवृत्ती दिली. पुढच्या वर्षी धावा आटल्या, तेव्हा वडिलांनीच पत्र लिहून ती बंद करायला सांगितली. त्या घराच्या स्वाभिमानापुढे मी मान झुकवतो. तरी मला ही गोष्ट आठवली की वाईट वाटतं. शिष्यवृत्ती शिकण्यासाठी असते, आणि शिकणाऱ्याची वाईट वर्षं त्यात धरलेलीच असतात. ती धावांनी फेडायची उसनवारी कधी झाली?

तुझंही तेच चाललं आहे. पप्पांनी खराडीच्या नोकरीत रात्रपाळी मागून घेतली, दुपारी तुला नेता यावं म्हणून. इंग्लिश विलोची बॅट हप्त्यावर आली. तू हे सगळं मनात मांडून ठेवलं आहेस, आणि शून्यावर बाद झालास की व्याज चढल्यासारखा घरी येतोस. मी तुझ्या पप्पांना तुझ्या जन्माआधीपासून ओळखतो. वसुलीची वही त्यांनी कधीच उघडली नाही. ती तू उघडलीस.

तू कर्णधारही आहेस, म्हणून एक दूरचं उदाहरण देतो. अमेरिकेच्या फुटबॉलमध्ये क्वार्टरबॅक नावाची जागा असते. संघाची जवळजवळ प्रत्येक चाल त्याच्या हातातून सुटते, आणि हरलं की नावही त्याचंच निघतं. १९९८च्या नव्या खेळाडूंच्या निवडीत पहिला पेटन मॅनिंग, दुसरा रायन लीफ. दोघांकडून अपेक्षा सारख्याच. पहिल्या वर्षी मॅनिंगचा संघ १६पैकी १३ सामने हरला, आणि त्याचे २८ पास विरुद्ध संघाने झेलले. म्हणजे ज्याला पुढे सगळ्यांनी थोर म्हटलं, त्याचीही सुरुवात अशी. लीफचा खेळ मात्र काही वर्षांत संपला, पुढे गोळ्यांचं व्यसन लागलं, तुरुंगवास झाला. आता तो स्वतः गावोगाव मनाच्या आजाराबद्दल उघडपणे बोलतो. ते बोलणं त्याला विशीत सुचलं असतं तर, असं मला सारखं वाटतं.

अमोल मुझुमदारबद्दल तुला कुणी सांगितलं आहे का? १९८८च्या हॅरिस शील्डमध्ये तेंडुलकर आणि कांबळी यांनी ६६४ची भागीदारी केली, तेव्हा पुढचा फलंदाज म्हणून पॅड बांधून बसला होता तो हाच, तेरा वर्षांचा. त्याची पाळी आलीच नाही. पुढे रणजी पदार्पणात त्याने २६० केले, प्रथम श्रेणी पदार्पणातला तो तेव्हाचा विक्रम. 'दुसरा तेंडुलकर' म्हणून गाजावाजा झाला. प्रथम श्रेणीत अकरा हजारांवर धावा केल्या, आणि भारताकडून एकही सामना खेळला नाही. तरी तो मैदानातून उठून गेला नाही. २ नोव्हेंबर २०२५ला नवी मुंबईत आपल्या मुलींनी विश्वचषक जिंकला, तेव्हा प्रशिक्षक तोच होता.

त्याच स्पर्धेतली जेमिमा रॉड्रिग्ज तू टीव्हीवर पाहिलीस. उपांत्य सामना, समोर ऑस्ट्रेलिया, ३३९चं लक्ष्य. तिसऱ्या क्रमांकावर जायचं आहे हे तिला जेमतेम पाच मिनिटं आधी कळलं. नाबाद १२७ करून ती परतली. तुम्ही पोरांनी तिचे कट बघितले असतील. मी म्हणतो, तिचं सामन्यानंतरचं बोलणं ऐक. स्पर्धेत तिला एका सामन्यात वगळलं होतं, मन सैरभैर झालं होतं, आईला फोन करून रडत होती, मैत्रिणी नुसत्या शेजारी येऊन बसत होत्या. हे तिने सगळ्या देशासमोर सांगितलं. जिंकून सांगणं सोपं, असं कुणी म्हणेल. पण आईला तिने ते हरण्याच्या दिवसांतच सांगितलं होतं.

तू मात्र बाथरूममध्ये नळ सोडून उलटी करतोस, आवाज जाऊ नये म्हणून. ताईला तो ऐकू येतो रे.

आता करायचं ते सांगतो. चेंडू झाला की स्क्वेअर लेगकडे दोन पावलं चाल, ग्लोव्हचा पट्टा सोडून पुन्हा लाव, खालच्या हाताची बोटं मोकळी कर, मगच गार्ड घे. जाळीबाहेर बघायचं नाही. मॅचच्या सकाळी पोहे जात नसतील तर हट्ट नको, केळं चालेल. रात्री स्वतःच्या जुन्या खेळीचे व्हिडिओ बघत बसू नकोस. आणि संघातल्या एखाद्याने झेल सोडला तर त्याला जे म्हणतोस, 'जाऊ दे, पुढचा बघ', ते तू मनापासून म्हणतोस, मी ऐकलं आहे. तेवढी माया स्वतःवरही कर.

गुरुवारच्या चाचणीला गहुंज्याला तुला मी न्यावं, असं ताई म्हणाली. मी नाही म्हटलं. पप्पांनीच न्यावं, अख्खं पुणं ओलांडताना तुम्ही दोघं गाडीत असाल ते बरं. फक्त त्याआधी, बुधवारी रात्री जेवताना, त्यांना पोटाचं सांग, आणि मोबाइल खिशात ठेवायला सांग. मी आठला येतो, शेजारी बसतो. बोलायचं तू.

तुझा
मामा